मधला थर

मास्तरांनी शिवलेलं कुणी उलटून बघत नसे. गिऱ्हाईक नाही, शेजारीपाजारी नाही, आणि त्यांची बायको, सगळ्यांच्या वहिनी, तर नाहीच नाही. लग्न होऊन दुकानात बसायला लागल्या त्या दिवसापासून त्यांनी एक गोष्ट पक्की धरली होती. हा माणूस दूध उतू घालवील, किल्ल्या हरवील, पाहुण्यांसमोर नको ते बोलून बसेल, पण सुईदोऱ्यात चुकायचा नाही. आणि नेमका तिथंच चुकला की हो! तोही असा चुकला, की ऐकणाऱ्याने कपाळाला हात लावावा.

दुकान दोघांचं. रस्त्याला लागून काचेचं दार, आत दोन शिलाई मशीनं, कापायचं लांब टेबल, भिंतीला टेकलेले कापडाचे तागे. मास्तर कापायचे, वहिनी शिवायच्या. काजं, बटणं आणि हाताची तुरपाई पुन्हा मास्तरांकडे. मास्तर डावखुरे. त्यामुळे सगळ्या जगाचे टाके एकीकडे कलले, तर ह्यांचे दुसरीकडे. "तुमचा टाका मी अंधारात नुसत्या बोटाने ओळखीन," असं वहिनी म्हणायच्या आणि मास्तर मिशीतल्या मिशीत हसायचे.

पण गेल्या वर्षापासून मास्तर दुकानात येईनासे झाले होते. छातीने दगा दिला. जिना चढला की भिंत धरून उभे, आंघोळ केली की धाप. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि ह्या दोघांना समजेल असं सांगितलं, "जुनं इलॅस्टिक कडक झालं की ताणलं जात नाही ना? तसं झालंय ह्यांच्या फुफ्फुसांचं. आहे तेवढं आपण औषधावर टिकवू. पण तुम्हाआम्हाला होते ती साधी सर्दी ह्यांना झाली, तर इथं दाखल करावं लागेल. आणि परत घरी न्याल, असं मी आत्ता म्हणणार नाही."

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. त्या दिवसापासून घराच्या दारात पहिला प्रश्न एकच: "सर्दी-खोकला आहे का?" मास्तरांच्या सख्ख्या धाकट्या भावाला एकदा उंबऱ्यावरच शिंक आली, तर त्याला तिथूनच माघारी पाठवला. तो फुगला. मास्तर म्हणाले, "अगं, भाऊ आहे माझा." वहिनी म्हणाल्या, "असू दे. रुसलेला दीर परत आणता येतो."

ठमीसुद्धा त्यापायी वेगळी राहत होती. ठमी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल तेवढंच. दिवसभर शंभर माणसांत वावरायचं आणि संध्याकाळी बाबांच्या उशाशी बसायचं, हे तिला धोक्याचं वाटलं. म्हणून मैत्रिणीबरोबर खोली घेतली. यायची ती खिडकीशी उभी राहून गप्पा मारायची. जाताना एखादी ओळ गुणगुणायची, कारण मास्तरांना तेवढंच हवं असायचं.

ही ठमी गायकवृंदात गायची. चाळीसएक माणसांचा तो वृंद, वर्षातून एकदा मोठ्या सभागृहात त्यांचा कार्यक्रम. बाल्कनीसकट खुर्च्या भरायच्या. त्या वृंदाचे हिरवे पोशाख इतकी वर्षं मास्तरांनीच शिवले होते. प्रत्येक गाणाऱ्याच्या छातीचं माप त्यांना तोंडपाठ. आणि यंदा सरांनी, म्हणजे वृंदाच्या प्रमुखांनी, शेवटचं गाणं ठमीला एकटीला दिलं होतं. मागे सगळ्यांनी नुसता सूर धरायचा, पुढे ठमी एकटी.

"मी जाणार," मास्तर म्हणाले.

"अजिबात नाही."

"मी जाणार म्हणजे जाणार."

"त्या गर्दीत? घरोघरी खोकला चाललाय, आणि हे निघाले बंद सभागृहात बसायला! त्यापेक्षा मी फोनवर ऐकवते तुम्हाला."

मास्तर हळूच म्हणाले, "पुढच्या वर्षी मी असेन का गं?"

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या, भांडी उगाच आदळली, डोळे पुसले आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "ठीक आहे. पण माझी एक अट. सभागृहात प्रत्येकाच्या तोंडावर मास्क. दारावरच्या माणसापासून गाणाऱ्यांपर्यंत. एक उघडं तोंड दिसलं तर मी तुम्हाला उचलून घरी आणीन."

वहिनींनी अट घातली म्हणजे ती दगडावरची रेघ. त्या सरांकडे गेल्या. सर आधी नको म्हणाले, मग काय करू म्हणाले, आणि शेवटी मास्तरांचं नाव निघालं तसे विरघळले. डॉक्टरीणबाईंनी वहिनींना नीट समजावलं होतं. बोलणारा जेवढी हवा बाहेर टाकतो त्याच्या कितीतरी पट गाणारा टाकतो, आणि तीही जोराने. म्हणून मास्क आधी त्याच्या तोंडावर हवा. ज्याच्या तोंडातून निघतं तिथंच अडवलं, तर समोरच्यापर्यंत पोचतंच किती?

मग वहिनींनी मास्क शिवायला घेतले. पोशाखाच्याच हिरव्या कापडाचा बाहेरचा थर, आत मऊ सुती, आणि मधे दवाखान्याला माल पुरवणाऱ्या दुकानातून आणलेलं दाट, दाबून केलेलं पांढरं कापड. सगळी करामत त्या मधल्या थराची. मास्क उलटवून सरळ करायला खालच्या कडेला दोन बोटांची फट ठेवावी लागते आणि ती शेवटी हाताने तुरपून बंद करावी लागते. वहिनींनी एकेक तुरपला, इस्त्री केली, आणि खोकं भरून तालमीला पाठवलं.

चार दिवसांत सर खोकं घेऊन घरी हजर. दाराबाहेरच उभे राहिले, तेवढी समज होती.

"वहिनी, रागवू नका. पण सगळा वृंद उशीखालून गातोय असं वाटतं. बाकीची गाणी मी कशीबशी ओढून नेईन. ठमीचं मात्र मागच्या खुर्चीपर्यंत पोचत नाही. एक तर गाताना मास्क काढू द्या, नाहीतर तिचं ते गाणं मला गाळावं लागेल."

"मास्क काढणार असाल तर मास्तर येणार नाहीत," वहिनी ताडकन म्हणाल्या.

"मग गाणं गाळतो."

"गाळा!"

असं त्या म्हणून गेल्या खऱ्या, पण दार लावून घ्यायला त्यांचा हात पुढे होईना. आतल्या खोलीतून मास्तरांचा आवाज आला, "अगं, खोकं इकडे आण बघू."

मास्तरांनी एक मास्क हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, नाकापाशी चिमटीत धरून बघितला. "नाकाशी आवळलंय जरा. कडा सैल करून देतो. आवाजाला वाट मिळाली म्हणजे झालं." आणि मग, कित्येक महिन्यांनी, म्हणाले, "माझी बारीक कातर कुठं ठेवलीस?"

वहिनींना केवढा आनंद झाला म्हणता! ह्या माणसाने सुई मागितली, कातर मागितली, खिडकीपाशी पाठीला तक्क्या लावून बसला. वहिनी दुकानात जाताना बघायच्या तर मास्तर टाके उसवताहेत, परत यायच्या तर तुरपताहेत. चेहऱ्यावर जुनं तेज. "आपले दोघांचे पण दे," मास्तर म्हणाले, "हात लागलाय तर तेही नीट करतो."

"तुमचा घ्या. माझा राहू दे, मला बरोबर बसतो."

काम झालं तसं खोकं परत गेलं. उलटून बघितलं का? छे! मास्तरांनी शिवलेलं कोण उलटून बघतो?

दुसऱ्याच दिवशी सरांचा फोन. "वहिनी, काय जादू केली हो मास्तरांनी? आवाज कसा मोकळा झालाय! त्यांच्या हाताला तोड नाही." वहिनींनी तो निरोप मास्तरांना सांगितला, शेजारणीला सांगितला, दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितला. गर्वाने नुसत्या फुलल्या होत्या.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी त्या तासभर आधी जाऊन सभागृहाच्या दारात टोपली घेऊन उभ्या राहिल्या. ज्याच्याकडे मास्क नाही त्याला टोपलीतला द्यायचा. लोक कुरकुरले तर कुरकुरू देत.

"वहिनी, माझा खिशात आहे, चालेल ना?" एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले.

"चालेल की, खिशाला सर्दी झाली असेल तर."

एका तरुणाने मास्क हनुवटीखाली अडकवला होता. "काय रे, हनुवटीला झोळी कशाला बांधलीस? वर घे." एक बाई म्हणाल्या, "जीव गुदमरतो हो ह्यात." वहिनींनी त्यांना एकदा नीट बघितलं आणि म्हणाल्या, "गुदमरणं कशाला म्हणतात ते माझ्या नवऱ्याला विचारा." बाईंनी मुकाट्याने नाक झाकलं.

मास्तरांना सगळ्यात शेवटी आणलं, पहिल्या रांगेत कडेला बसवलं. फाटकापासून खुर्चीपर्यंत यायला त्यांना तीनदा थांबावं लागलं. खुर्चीत बसले तरी छाती भात्यासारखी चालली होती. "बरं वाटतंय ना?" वहिनींनी विचारलं. मास्तरांनी मान हलवली. चालण्याचे श्रम झालेत, उतरेल धाप हळूहळू, असं वहिनींना वाटलं.

पडदा उघडला. हिरवे पोशाख, हिरवे मास्क, काय देखणं दिसत होतं! आणि आवाज खरंच मोकळा. पहिली गाणी झाली, टाळ्या झाल्या. वहिनींना वाटलं, उगाच मी एवढी घाबरत होते. बघा, होतं की सगळं, मनावर घेतलं तर.

मधेच वृंदात दुसऱ्या रांगेच्या कडेला उभ्या असलेल्या जाड्या बाईंना खोकला आला. भरघोस आवाजाची बाई, खोकलाही तसाच भरघोस. वहिनींचं लक्ष गेलं. खोकल्याबरोबर बाईंचा मास्क फडफडला. वाऱ्यावर पडदा उडावा तसा पुढे फुगला आणि परत तोंडाला चिकटला.

वहिनींच्या कपाळाला आठी पडली. दाट कापड असं फडफडत नाही. त्यांनी एवढे मास्क हातावेगळे केले होते, त्यांना माहीत होतं ते कापड कसं ताठ राहतं. असेल, सैल झाला असेल, त्यांनी मनाला समजावलं.

मग शेवटचं गाणं आलं. समोरचे दिवे मंद झाले आणि रंगमंचाच्या मागून एक मोठा पिवळा दिवा लागला. ठमी दोन पावलं पुढे आली. मागे सगळे उजेडाच्या पुढ्यात उभे. आणि वहिनींना त्यांची तोंडं दिसली.

मास्क घातलेल्या माणसाचं तोंड दिसतं का? दिसत होतं! एकेकाचे ओठ दिसत होते, दात दिसत होते. सर जबडा उघडून सूर दाखवत होते तो जबडा कडेने आरपार दिसत होता. हिरव्या जाळीमागे चाळीस उघडी तोंडं, सगळी पहिल्या रांगेकडे वळलेली. हे काय? हे काय बघतेय मी?

वहिनींच्या पिशवीत वृंदाच्या खोक्यातला एक जादा मास्क होता, कुणाचा तुटला तर म्हणून ठेवलेला. त्यांनी तो काढला. अंगठा आणि बोट यांत धरून चोळला. मऊ कापडावर मऊ कापड घसरलं. मधे काही नाही. पोकळ! त्यांनी बोट खालच्या कडेवरून फिरवलं, जिथं फट तुरपलेली असते तिथं. टाके एकसारखे, बारीक, सुबक. आणि सगळे उलट्या अंगाला कललेले.

अंधार होता. अंधारात नुसत्या बोटाने ओळखीन, असं त्या आयुष्यभर म्हणत आल्या होत्या. तसंच ओळखलं.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते वहिनींना त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याला उभा फाडला असता. सरांनी केलं असतं, त्या वृंदातल्या कुणी चावटपणा केला असता, तर चारचौघांत लाज काढली असती. पण हा हात? ज्याच्यासाठी एवढा आटापिटा केला, त्याचाच हात?

"अहो," त्या कानाशी लागून कुजबुजल्या. आवाज स्वतःचा वाटेना. "मधला थर कुठंय?"

मास्तर समोर बघत होते. ठमीने नुकताच सूर लावला होता. "आता तिचं येतंय," ते पुटपुटले. "ऐक."

"मधला थर कुठंय म्हणते मी!"

मास्तरांनी हळूच हात वर केला आणि स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं. "इथं."

"इथं म्हणजे?"

"माझ्यात घातलेत. सगळे नाही... मावतील तेवढे." दोन शब्दांमधे मास्तर थांबत होते. "कापड तेवढंच आहे गं. त्यांच्या तोंडावरचं काढलं... माझ्या तोंडावर लावलं. तुझी अट... मोडली नाही मी. ठमीचं गाणंही... गेलं नाही."

शिंप्याचा हिशोब! कोटाचं अस्तर आतून जाड केलं काय नि वरून जाड शाल घेतली काय, थंडी तेवढीच अडते. उभ्या जन्मात ह्या माणसाने कापडाचा विचार असाच केला होता. एका अंगाचं काढायचं, दुसऱ्या अंगाला जोडायचं, कपडा पुरला की काम फत्ते. पण श्वासाला तो हिशोब लागतो का? वहिनींनी मास्तरांच्या मास्कला हात लावला. कोटाच्या खांद्यात घालतात त्या गादीसारखा जाड! ह्यातून हवा ओढायची कुणी? ती इलॅस्टिकसारखी कडक झालेली छाती? जी थोडीफार हवा येत होती ती गालाशेजारच्या फटींतून, जशीच्या तशी, न गाळता. अडायचं ते अडत नव्हतं आणि जायचं ते जात नव्हतं.

तासाभरापासून धाप का उतरली नाही, ते आत्ता उलगडलं. त्यांनी मास्तरांचा हात उचलून दिव्याच्या उजेडात धरला. नखं निळी पडली होती.

"काढा तो!"

मास्तरांनी मास्कवर तळहात दाबून धरला. "थांब गं. एवढं... होऊ दे तिचं."

ठमीचा आवाज चढत होता. सगळं सभागृह चिडीचूप. आणि वहिनींना समोर दोन वाटा दिसत होत्या, दोन्ही काळ्याकुट्ट. मास्क ठेवावा तर हा माणूस डोळ्यांदेखत गुदमरतोय. काढावा तर समोर चाळीस गाणारे, त्यात ती खोकणारी, आणि ह्याच्या तोंडावर काहीच नाही. दारात टोपली घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईवर अशी वेळ यावी!

त्यांनी फार विचार केला नाही. मास्तरांचा हात झटकला, मास्कची दोरी धरून ओढली. दोरी तट्कन तुटली. तेवढा एक आवाज सगळ्या पहिल्या रांगेने ऐकला. मास्तरांनी आऽऽ करून हवा ओढली, आणि ते ओढताहेत तोच वहिनींनी स्वतःच्या तोंडावरचा मास्क काढला आणि त्यांच्या तोंडावर चढवला. नाकाशी दाबला, कानामागे अडकवला. अख्ख्या सभागृहात पुरता, तीन थरांचा असा तो हिरवा मास्क एकच उरला होता, आणि तो केवळ वहिनींनी मास्तरांच्या हाती दिला नव्हता म्हणून.

"बघा, बघा," मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आम्हाला शिकवत होत्या, आणि स्वतः काढून बसल्या."

वहिनींना ते ऐकू आलं. सुरीसारखं लागलं. पण भांडायला सवड कुठं होती? उघड्या तोंडाने, सगळ्यांच्या देखत, त्यांनी मास्तरांना काखेत धरून उठवलं आणि कडेकडेने बाहेर काढलं. वाट रंगमंचाला लागूनच होती. त्या जाड्या बाईंना पुन्हा खोकला आला तेव्हा वहिनी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होत्या.

बाहेर पायऱ्यांवर वारा होता. मास्तर पायरीवर बसले. छाती वरखाली, वरखाली. हळूहळू नखांचा रंग पालटला. वहिनी समोर उभ्या. त्यांनी तो तुटका मास्क कातरला. पिशवीत कातर नेहमीच असायची. आतून पांढरे थर निघाले, एकावर एक, एकावर एक, नीट कापून कडा जुळवलेले.

"जन्मभर लोकांच्या छातीची मापं घेतलीत," वहिनी म्हणाल्या, "आणि स्वतःच्या श्वासाचं माप चुकलात? मला सांगायचं तरी!"

"तू नाही म्हणाली असतीस."

"नाहीच म्हणाले असते!"

"म्हणून," मास्तर म्हणाले.

बंद दारातून ठमीचा आवाज येत होता. गाणं संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. मास्तरांचे डोळे भरून आले, आणि वहिनींना त्या क्षणी त्यांना मिठी मारावी की चार फटके द्यावेत हे कळेना. तेवढ्यात दार उघडून ठमी धावत आली, मास्क गळ्यात लोंबतोय, "बाबा! बाबा, काय झालं?"

"थांब तिथंच!" वहिनी ओरडल्या, इतक्या जोरात की ठमी पायरीवरच खिळली. वहिनींनी पांढऱ्या थरांची मूठ तिच्यापुढे धरली. ठमीने ती बघितली, गळ्यातला स्वतःचा मास्क उजेडाकडे धरून बघितला, बापाकडे बघितलं. मग तिथंच मटकन खाली बसली. "मला वाटलं, माझाच आवाज सुधारला," ती म्हणाली.

त्या रात्रीपासून वहिनी बाहेरच्या खोलीत झोपायला लागल्या. घरातही मास्क, खिडक्या सताड उघड्या. मास्तरांना ताट दुरून सरकवायच्या. बोलणं मोजकंच. राग तर होताच, पण त्याहून जास्त होती भीती. सकाळी उठल्या की आधी मास्तरांच्या खोलीकडे कान लावायच्या.

बातम्या यायला लागल्या. आधी जाड्या बाई पडल्या. मग सरांचा आवाज बसला. मग एकेक करून अर्धा वृंद अंथरुणात. ठमीने खोलीवरून फोन केला, "आई, अंग तापलंय गं," आणि रडायलाच लागली. स्वतःच्या तापासाठी नाही, पायरीवर आपण किती जवळ गेलो होतो ते आठवून.

आणि एका सकाळी मास्तरांच्या चहाचा कप हातात घेऊन वहिनी त्यांच्या दारापर्यंत पोचल्या आणि त्यांना शिंक आली.

एकच शिंक. मास्कमधेच आली. पण कप हातातून निसटला, फुटला, चहा फरशीवर पसरला. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. इतके दिवस जिची वाट बघत होते ती ह्या घरात आली होती, आणि आणली होती वहिनींनीच. ज्या बाईने सख्ख्या दिराला उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं, ती पायांत चपला सरकवून, तोंड दाबून घराबाहेर पडली.

वहिनी दुकानात जाऊन राहिल्या. कापायच्या टेबलावर अंथरूण घातलं. ताप चढला, घसा पार बसला, शब्द फुटेना. मास्तर घरी एकटे. शेजारीण दारात डबा ठेवून जायची. वहिनी फोन करायच्या आणि मास्तरच बोलायचे. "मी ठीक आहे. तू काढा घे." दिवस असेच चालले होते, आणि मास्तर अजून ठीक होते.

मग एका दुपारी काचेवर टकटक झाली. वहिनींनी मान उचलली. बाहेर फुटपाथवर मास्तर! दोन गल्ल्या चालत आलेले, काखेत वृंदाकडून धुऊन परत आलेलं ते मास्कचं खोकं. वहिनी धडपडत उठल्या, पण दार उघडलं नाही. मास्तरांनी खोकं पायरीवर ठेवलं, त्यातला एक हिरवा मास्क काढला आणि सूर्याकडे धरला. उजेड आरपार आला नाही. त्यांनी दुसरा धरला. तोही तसाच. सगळ्यांत थर परत बसवले होते. मास्तरांनी काचेतून वहिनींकडे बघितलं, शाळेतल्या मुलाने पाटी दाखवून बघावं तसं.

वहिनींनी मान डोलावली. आणि मग, काय बुद्धी झाली कुणास ठाऊक, त्यांनी मास्तरांच्या तोंडावरच्या मास्ककडे बोट केलं. आणि तुमच्यात? तुमच्यात किती? इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मास्तरांच्या शिलाईवर शंका घेतली होती.

मास्तरांचा चेहरा पडला. मग त्यांनी तिथल्या तिथं, भर रस्त्यावर, तोंडावरचा मास्क काढला आणि वहिनींना दिसावा म्हणून सूर्याकडे धरला.

वहिनींनी मास्ककडे बघितलंच नाही. त्यांनी बघितलं ते तोंड. गालफडं बसलेली, मिशी पांढरी, ओठ उघडे, आणि ते ओठ रस्त्यावरची हवा ओढताहेत. पलीकडून माणसांचा लोंढा येत होता, कुठल्यातरी कारखान्याची पाळी सुटली असेल. त्यातला एकजण मुठीत खोकत खोकत मास्तरांच्या अगदी खांद्याजवळून गेला. आणि मास्तर आपले उभे, मास्क उंच धरून, बायकोच्या पसंतीची वाट बघत.

"घाला! घाला तो!" वहिनी ओरडल्या. आवाजच फुटला नाही. घशातून नुसता वारा. त्यांनी टेबलावरची मोठी कातर उचलली आणि काचेवर आपटली. काचेला वरपासून खालपर्यंत तडा गेला. मास्तर दचकले, त्यांनी घाईघाईने मास्क चढवला, नाकाशी दाबला. मग काचेजवळ येऊन तीन बोटं दाखवली. वहिनींनी दोन्ही हात जोडले. पटलं, पटलं, जा आता घरी.

मास्तर गेले. वहिनी त्या तडा गेलेल्या काचेमागे खाली बसल्या आणि स्वतःच्याच बोटाकडे बघत राहिल्या, ज्या बोटाने त्यांनी त्यांना मास्क काढायला लावला होता.

पुढे ताप उतरला, आवाज परत आला, पण डॉक्टरीणबाईंनी घरी जायला अजून थोडे दिवस थांबायला सांगितलं. तेवढे दिवस वहिनी रोज सकाळी फोन लावायच्या आणि एकच विचारायच्या, "शिंक आली का?" पलीकडून उत्तर येईपर्यंत त्या श्वास धरून बसायच्या. "नाही गं," मास्तर म्हणायचे, आणि मग वहिनी श्वास सोडायच्या.